शिबिरानं बिघडलेली पोरं

कोयता नाचवणाऱ्या पोरांना पोलिसांनी त्यांच्याच गल्लीतून मान खाली घालून फिरवलं की पुण्यात टाळ्या पडतात आणि संध्याकाळपर्यंत त्याचे रील्स होतात. धिंडीनं दहशत मोडते, असं समर्थक सांगतात. दहशत मोडते की फुकट जाहिरात होते, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. २०२३ साली तर कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहा, अशी सूचना दुकानदारांना झाली. नारळवाल्यांचं आणि ऊसतोड्यांचं पाप काय, देव जाणे. ब्रिटननं हा धाक अधिक सभ्यपणे आजमावला. अमुक चौकात फिरकायचं नाही, तमक्या मित्राला भेटायचं नाही, असे मनाई हुकूम १९९८च्या कायद्यानं न्यायालयांना काढता येऊ लागले. त्यांतले निम्म्याहून अधिक मोडले गेले. हुकूम मोडणं हा गुन्हा असल्यानं, मुळात गुन्हा नसलेल्या टवाळकीपायीही तुरुंगाची वाट उघडी झाली. २०१४च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये तो प्रकार गुंडाळला.

यावर आपल्या पुरोगामी मंडळींचं उत्तर तयार असतं: समुपदेशक नेमा, शिबिरं घ्या, वाया चाललेल्या पोरांना प्रेमानं जवळ करा. या मंडळींनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड वाचायला हवी. डॉ. रिचर्ड कॅबट या सज्जन माणसानं मॅसॅच्युसेट्समध्ये आखलेल्या आणि १९३९ साली सुरू झालेल्या प्रयोगात सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. जोडीतल्या एकाला घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिर. दुसऱ्याला काहीच नाही. तीसेक वर्षांनी मॅकॉर्डबाईंनी ही माणसं हुडकून काढली. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश म्हणाले, आमचं भलं झालं. कागदपत्रं उलटंच सांगत होती: दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, पुन्हा गुन्हा आणि अकाली मृत्यू यांचं माप मदत मिळालेल्यांच्याच पदरात जास्त. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं, की नुकसान प्रामुख्यानं एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांत साठलेलं होतं. असं का व्हावं, याचा अंदाज मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या गप्पांचं चित्रण करून बांधला. एकजण नियम मोडल्याची फुशारकी मारतो, बाकीचे हसतात आणि ते हसूच बक्षीस ठरतं. समुपदेशकाच्या तासाभराच्या उपदेशाला त्या हसण्यापुढे काय किंमत? धिंड असो वा शिबिर, आपण त्या पोराला प्रेक्षक पुरवत असतो.

‘मग हातावर हात ठेवून बसायचं?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. मॅकॉर्डबाईंच्या आकड्यांवरून सगळं युवाकार्यच निकालात काढावं, इथवर मीही गेलो असतो. पण आइसलँड आडवा येतो. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन तर्र झालेली होती. २०१६ साली ५ टक्के. शासनानं खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांवर पैसा ओतला, पालकांना कामाला लावलं. पण ‘बिघडलेली’ पोरं वेगळी काढली नाहीत, सगळ्यांना एकाच मैदानात उतरवलं. तो इवलासा देश, शिवाय प्रश्न दारूचा, कोयत्याचा नव्हे, हा आक्षेप मान्य. तरी निवड न करण्याचं तत्त्व लोकसंख्येवर अवलंबून नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीत फुटबॉल नेला, त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट आला. तिथेही पोरांच्या हाती आधी चेंडू आला, चारित्र्याचा दाखला नव्हे.

पुण्यात अशी सरमिसळ आयती आहे, तिचं नाव गणेश मंडळ. विसर्जनाच्या रात्री गर्दी आवरणारा दोर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि दहावीत गटांगळी खाल्लेला यांनी मिळूनच धरलेला असतो. घोडं पेंड खातं ते मालकीपाशी. फ्लेक्सवर फोटो भाऊंचा, पावतीपुस्तक भाऊंच्या माणसाकडे. सतरा वर्षांच्या पोराला काम मिळतं, अधिकार मिळत नाही. उरलेलं वर्षभर भाऊ त्याच पोरांना वाढदिवसाच्या रॅलीला बोलावतात, तेव्हा डीजेच्या भिंतींना समाजविघातक म्हणायची कुणाची टाप नसते. वस्तीतली महापालिकेची व्यायामशाळा कधी उघडायची, वर्गणी किती, भांडण झालं तर काय करायचं, हे पंधरा ते वीस वयाच्या मुलामुलींची समिती ठरवू दे, आणि त्या समितीत कुणाला घ्यायचं हे विचारताना पोलीस चौकीतली वही बंद ठेवा. दोन डंबेल्स चोरीला जातील. हिशेबात घोळही होईल. नगरसेवकांच्या हिशेबात होतो, तेव्हा आपण समिती बरखास्त करत नाही.