भरलेले दंड

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी धावणाऱ्या पोरी दिसतात. एखादीचे दंड भरले, की कुणीतरी म्हणतंच, "पुरुषी दिसायला लागली, लग्न कसं जमायचं?" या बोलण्याचा मला राग येतो.

वडगाव मावळच्या हर्षदा गरुडनं २०२२ मध्ये ग्रीसमध्ये कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंगचं सुवर्ण जिंकलं. भारताचं या स्पर्धेतलं ते पहिलंच. गट ४५ किलोचा; स्नॅचमध्ये ७०, क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो. मांड्या-खांदे कमावल्याशिवाय एवढा बार डोक्यावर पेलतो का? शेतातून कापसाचं गाठोडं वाहणाऱ्या खान्देशी बाईच्या खांद्यांना तर आपण कधी नावं ठेवली नाहीत!

आज घरातली मुलगी व्यायामाला निघाली, तर तिला पोटभर खाऊ घाला. टोमणे मारू नका.