असणे आणि हाताशी असणे

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावरील आमच्या मालेगावापासून समुद्र शेकडो मैल दूर. येथे कापूस, तूर, सोयाबीन पिकते. शिडाची नौका आम्ही चित्रातच पाहिलेली. तरीही अशा नौकेच्या इवल्याशा केबिनमध्ये सामान कसे ठेवतात, हा विषय आम्हांला परका वाटत नाही. ठेवण्याचा प्रश्न घरोघरी आहे, आणि तो केवळ जागेचा नाही. काय बाळगावे, काय टाकावे आणि जे बाळगले ते कोणाच्या हाताला लागेल असे ठेवावे, हा शेवटी कर्तव्याचा प्रश्न आहे.

बत्तीस फुटी नौकेची केबिन आपल्या माजघराहूनही लहान. तेवढ्यातच झोपणे, रांधणे आणि महिनोन्महिन्यांची बेगमी. म्हणून नाविक स्वतःच्या हातांनी कप्पे करतो. अन्नाचे डबे, हत्यारे अशा जड वस्तू तळाशी, नौकेच्या मध्याजवळ ठेवतो. बाकाखाली खण करून त्यांच्या झाकणांना पक्क्या कड्या लावतो, कारण नौका उलटली की सैल झाकणाचा उपयोग नसतो. फळीच्या कडेला वस्तू घसरू नयेत म्हणून उभी पट्टी ठोकतो. कांदेबटाटे जाळीत टांगतो, भिंतीला कापडी खिसे शिवून लावतो. डब्यांवरचे कागद पाण्याने सुटून पंपात अडकतात, म्हणून ते आधीच काढून डब्यांवर रंगाने खुणा करतो. कोणता जिन्नस कोठे आहे, ते वहीत लिहून ठेवतो. आमच्या आज्यांना यात नवल वाटले नसते. मांजरापासून दूध राखणारे शिंके आणि लाटांपासून कांदे राखणारी जाळी ही एकाच बुद्धीची लेकरे. कोनाडा आणि उतरंड हीदेखील त्याच कुळातील.

परंतु या व्यवस्थेची परीक्षा शांत पाण्यात होत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत कुलाब्याला सागवानाची ‘सुहेली’ नावाची नौका बांधली गेली. तीत बसून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाले आणि एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. असा पराक्रम करणारे ते पहिलेच. दक्षिणेच्या समुद्रात एका लाटेने ‘सुहेली’ आडवी केली, केबिनमधील सामान अस्ताव्यस्त झाले, टाक्यांतील पिण्याचे पाणी नासले. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट अखेरच्या दिवशी घाईने निघाले आणि त्यांचे काही आवश्यक सुटे भाग किनाऱ्यावरच राहून गेले. पुढे त्यांनी आपल्या स्थानाची खोटी वृत्ते पाठवली. १९६९ च्या जुलैत त्यांची नौका रिकामी सापडली. त्या शोकांतिकेला राहिलेले सामान हेच कारण होते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याची तयारी अपुरी, त्याला दोष देणे सोपे असते, एवढेच आम्ही स्वतःला बजावतो.

कारण तयारी पूर्ण असूनही माणूस अगतिक होतो. ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. संकटकाळासाठी भरून ठेवलेली पिशवी त्याच केबिनमध्ये होती. पण तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण आहे, असा त्यांचा संदेश आला. पिशवी होती, हाताशी नव्हती.

येथे आम्ही थबकतो. वस्तू ठेवतो तो धडधाकट माणूस. ती लागते तेव्हा तोच, किंवा दुसरा कोणी, दुबळा झालेला असतो. आपल्या घरातही म्हाताऱ्या आईच्या गोळ्या उंच फळीवर नीट मांडलेल्या असतात, महत्त्वाची कागदपत्रे एकट्या कर्त्यालाच ठाऊक असलेल्या पेटीत असतात. हा नीटनेटकेपणा आहे, परंतु समर्थाचा. ठेवण्याचे खरे माप ठेवणाऱ्याचा हात नव्हे, तर उद्या आजारी, अंधारात, एकट्या पडणाऱ्याचा हात आहे.

आणि तरीही सारेच आधीपासून कप्प्यात भरून ठेवता येत नाही. टॉमींकडे आयर्लंडचे ग्रेगर मॅकगुकिन आपली स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना निघाले. २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने दोघांनाही वाचवले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले. अशी माणसे कोणत्याही सामानाच्या यादीत लिहिता येत नाहीत. आपण दुसऱ्यासाठी तसे व्हावे, एवढेच आपल्या हाती आहे.

म्हणून घर आवरून झाल्यावर आपण घरातील सर्वांत अशक्त माणसाला एकच विचारावे : “रात्री दिवा गेला, तर हे तुम्हांला काढता येईल का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर आपले घर आवरून झालेले नाही.