मिठाचा खारटपणा
शास्त्रपाठ : मत्तय ५:१३



प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना मिठाची उपमा दिली आणि त्याच वचनात मिठाचा खारटपणा जाण्याविषयीही इशारा दिला. रविवारच्या शाळेतील मोठी मुले इथे आम्हांला अडवतात. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. ते कितीही वर्षे ठेवले तरी खारटच राहणार. मग प्रभू असे कसे म्हणाला? प्रश्न रास्त आहे. मुलांना गप्प बसवू नये.

मिठाच्या खड्यात सोडियमचे धनभारित आणि क्लोराईडचे ऋणभारित कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. हे रेणू एका बाजूने सोडियमला, दुसऱ्या बाजूने क्लोराईडला वेढतात आणि कण सुटे करून नेतात. खडा दिसेनासा होतो, पण त्यातला एकही कण नाहीसा होत नाही. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते; पाणी उकळते असले तरी फारसे अधिक नाही. (साखरेचे तसे नाही, हे चहा करणाऱ्या भगिनी जाणतातच.)

आता गोव्याच्या मिठागरांत काय होते पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपले खायचे मीठ सुमारे २७ ग्रॅम. उन्हाने पाणी आटू लागले की आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. त्यांचा अंश खडेमिठात उरतो, म्हणून आषाढात बरणीतले मीठ पाझरते. प्रभूच्या देशात मृत समुद्राकाठी सदोमचा डोंगर आहे. तो खनिज मिठाचा, पण त्यात जिप्सम आणि मातीही आहे. अशा मिठाचा ढीग ओलीत पडला तर? १०० ग्रॅम पाण्यात जिप्सम जेमतेम पाव ग्रॅम विरघळते. मीठ वाहून जाते आणि पांढरा ढीग जागच्या जागी राहतो.

म्हणजे डोळ्यांना उलटेच दिसते. आमटीत मीठ दिसत नाही, पण ते तिथे असते. ढीग मिठासारखा दिसतो, पण त्यात मीठ नसते.

आमच्या मंडळ्यांत इमारत आहे, सभासदांचे रजिस्टर आहे, वार्षिक सभाही वेळेवर होते. पण एखादी विधवा बहीण तीन रविवार उपासनेला आली नाही आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही, तर आमच्या ढिगात काय उरले आहे? उलट, कोणी गाजावाजा न करता तिच्या दारी जाऊन चूल पेटली का ते पाहून येतो. अहवालात त्याचे नाव नसते.

मुलांना मात्र हे नुसते सांगू नये, दाखवावे. मूठभर मीठ आणि तेवढीच बारीक वाळू फडक्यात एकत्र बांधावी व वरून पाणी ओतीत राहावे. फडक्यात वाळू उरेल. खाली साचलेले पाणी ताटात घालून उन्हात ठेवावे. दोन-चार दिवसांत मीठ परत मिळते.