पशूंवर घातलेले ओझे

मागच्या दारी आमच्या मनीने उंदीर धरला. लगेच मारला नाही. सोडायची, तो दोन हात पळाला की पुन्हा पंजा. नात रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मनी दुष्ट आहे!" मी सोडवायला जाईपर्यंत उंदीर गेला होता.

मांजर उंदराला दमवते, बहुधा थकलेला उंदीर चावण्याचा धोका कमी असतो म्हणून. त्याला काय होत असेल, हा प्रश्न तिला पडत असेल असे मानायला काही आधार नाही. मला मात्र तो पडला, आणि क्रौर्याचा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

प्राणी गरीब बिचारे असतात, असे मला म्हणायचे नाही. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने 1960च्या दशकात धारवाडजवळच्या जंगलात वानरांचा अभ्यास केला. टोळी बळकावणारा नवा हुप्प्या आईला बिलगलेली पिल्ले मारतो, हे त्यातून जगापुढे आले. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते. टांझानियातल्या गोम्बेमध्ये जेन गुडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून भयंकर पाहिले. एकाच टोळीत वावरलेल्या चिंपांझींचे दोन गट पडले आणि 1974 ते 1978 या काळात कासाकेला गटाच्या नरांनी काहामाच्या नरांना एकेकटे गाठून संपवले. पहिला बळी गोडी. तो एकटाच खात होता. एकाने पाय ओढून त्याला पाडले आणि त्याच्या डोक्यावर बसून दाबून धरले. बाकीचे चावत, बडवत राहिले. त्यानंतर गोडी कुणाला दिसला नाही.

हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते अनोळखी वाटत नाही. एकटा गाठायचा, आपण जास्त आहोत हे पाहून तुटून पडायचे, हे आपण जाणतो. पण त्या नरांनी गोडीला आधी नीच ठरवलेले नव्हते. त्याचे आजोबा कोण, त्याने पायरी ओलांडली का, हे प्रश्न तिथे नव्हते. माणसाला मारण्याआधी ते लागतात, आणि त्यांची उत्तरे घराघरांत तयार असतात.

29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. जमिनीचा वाद होता, साक्ष दिल्याचा राग होता. पण ज्यांच्या मानाने जगण्याचाच गावाला त्रास होतो, त्यांच्या बाबतीत वाद असा संपतो, हे समजायला जात ठाऊक असावी लागते. कुठल्याही पशूला ती ठाऊक नसते. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हे सूडाचे कृत्य मानले. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे एक निषेधपत्रक फिरले. मी सही केली. पहिल्याच ओळीत 'पाशवी अत्याचार' असे शब्द होते आणि जातीचे नाव शेवटच्या परिच्छेदात, तेही ओझरते. सही करताना मला त्यात काहीच खटकले नव्हते.