जाऊ द्या!

आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांत जुने काय, असे कुणी विचारले तर तीन उत्तरे येत. भिंतीवरचे घड्याळ, नकाशांचे लाकडी कपाट आणि थोरले सर. पैकी घड्याळ कधीचेच बंद पडले होते आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात असे. त्यामुळे वेळ पाहायची असो की नकाशा हवा असो, माणूस सरांपाशीच येऊन थांबे.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची ही शाळा. पाचवी ते दहावी. सर इथे १९९० साली रुजू झाले. त्यांना 'थोरले' हे नाव कुणी दिले कोण जाणे. पण ते अंगरख्यासारखे बेताचे बसले. आणि थोरलेपणाला शोभेल असा रागही त्यांना होता. नकाशा गुंडाळण्याऐवजी कुणी घडी घातली की ते चिडत. खडूचा तुकडा भिरकावला की चिडत. पण खरा राग यायचा तो फळ्यावर. आधीच्या तासाचा फळा न पुसता मास्तर निघून गेला असेल तर ते त्याला गाठून म्हणत, "अहो, हे म्हणजे स्वतःच्या खरकट्या ताटात दुसऱ्याला जेवायला बसवणं झालं!" मीही हे वाक्य तीनदा ऐकून घेतले आहे.

२०२३ साली १५ जूनला शाळा उघडली, तेव्हा सरांचे शेवटचे वर्ष सुरू झाले. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९६६. आमच्याकडे ही १ जून मोठी विलक्षण तारीख आहे. पूर्वी शाळेत पोर घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता येत नसे. मग मास्तर शाळा सुरू व्हायच्या सुमाराचा हा दिवस मांडून मोकळे होत. त्यामुळे एका पिढीतले कितीतरी लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले. आणि पहिल्या तारखेला जन्मलेला मनुष्य आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम असल्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी त्यांची रांग लागते. सरांची आई सांगे, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू झालास. सर हसून म्हणत, "एका मास्तरानं अंदाजानं माझे तीन महिने खाल्ले. दुसऱ्या मास्तराला तक्रार करायला तोंड कुठंय?"

त्या जूनमध्ये एक चमत्कार झाला. सर चिडेनासे झाले. फळा भरलेला दिसला तर मुकाट्याने स्वतः पुसू लागले. नकाशाची घडी पाहिली तर कपाट लावून घेत. कुणी काही सांगू लागले की हात हलवून म्हणत, "जाऊ द्या." तास बदलला, जाऊ द्या. चहा गार आला, जाऊ द्या. त्यांची खिडकीजवळची खुर्ची एका नव्या शिक्षकाने घेतली. तेही जाऊ द्या. संगणकावर माहिती भरायची वेळ आली की तरुण मंडळी मोठ्या मायेने म्हणत, "सर, तुम्ही राहू द्या," आणि सर राहू देत.

आम्हांला बरे वाटले. माणूस पिकला, आम्ही म्हटले. मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे अशा माणसाकडे पाहून मला लगेच पिकल्या पानाची आणि संथ पाण्याची उपमा सुचू लागते. त्या वेळीही सुचली. आज तिची लाज वाटते.

ऑगस्टच्या मध्याला सहावीच्या वर्गात मी एका पोराला धडा वाचायला उठवले. त्याने खणखणीत वाचला. जवळ गेलो तेव्हा दिसले, की पुस्तक भलत्याच पानावर उघडे आहे. इतरांचे वाचन ऐकून पोराने धडा पाठ केला होता. अक्षर त्याला एकही नीट ओळखता येत नव्हते.

यात त्याचा दोष नव्हता. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्या भागातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात ती उन्हाळ्यात परत येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नसते. हंगामात पोरांना गावातच ठेवावे म्हणून वसतिगृहाची योजना आहे. पण ज्या घरी म्हातारे माणूस नाही आणि धाकटे भावंड सांभाळायचे आहे, तिथले पोर आईबरोबरच जाते. त्यातून हा पोरगा दुसरीत असताना, मार्च २०२० मध्ये, साथीमुळे शाळा बंद झाल्या. अक्षरे पक्की व्हायच्या दिवसांत शाळाच नाही. पुढे वर्ग वर सरकत गेला, पोरगा खालीच राहिला.

अशा पोरांचे औषध आमच्या शाळेत एकच होते. थोरले सर शाळा सुटल्यावर अशा पोराला व्हरांड्यात घेऊन बसत आणि त्याच्यावर इतके चिडत, की अक्षर भीतीने तरी त्याच्या डोक्यात जाऊन बसे. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि हात हलवला.

"जाऊ द्या हो. आता माझे काय, नऊ महिने. तुम्ही बघा."

मला राग आला. पण मी तरी काय केले? माझी कादंबरी अर्ध्यावर होती; शाळा सुटल्यानंतरचे दोन तास म्हणजे माझी सारी दौलत. शिवाय सरांसारख्या माणसाने सोडून दिले, मग आपण कोण, असे एक आयते पांघरूण मिळाले होते. सरांचे निदान नऊ महिने उरले होते. मला तर सेवेची बारा वर्षे बाकी होती. तरी मीही मनात म्हटले, जाऊ द्या. सरांना नऊ महिने होते, मला बारा वर्षे होती. त्या पोराला मात्र बिऱ्हाड हलेपर्यंत जेमतेम दहा आठवडे होते. हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही.

निवृत्ती जवळ आली की माणसाने शांत व्हावे की होऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून मला छळतो. आपल्याकडे या शांतीला मोठा मान आहे. मनुस्मृतीने वनात जायची वेळ सांगितली ती केस पिकणे, अंगाला सुरकुत्या पडणे आणि नातवाचे तोंड दिसणे या खुणांनी. सरकारला एवढ्या खुणा पाहायला सवड नसते. ते दाखल्यावरची तारीख पाहते. पण खूण काय किंवा तारीख काय, दोन्ही एवढेच सांगतात की खुर्ची कधी सोडावी. खुर्चीत असेपर्यंत हातातले काम कधी सोडावे, हे दोन्हींपैकी कुणीच सांगत नाही.

ते सांगितले लोकमान्यांनी. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते. सहा वर्षांची शिक्षा, अंगात मधुमेह, परका मुलूख. 'आता माझे काय' म्हणायला याहून चांगली जागा कोणती? ते म्हणाले नाहीत. १९१५ साली छापून आलेल्या त्या ग्रंथाचा सारा रोख हाच आहे, की गीता कर्म सोडायला सांगत नाही, फळाची आसक्ती सोडायला सांगते. आपण सोयीसाठी याचे बरोबर उलटे करतो. पगार, मान, निवृत्तिवेतन ही फळे घट्ट धरून ठेवतो, कर्म तेवढे अलगद सोडतो, आणि वर त्याला वैराग्य म्हणतो.

पण म्हणून रोज चिडणारा मनुष्य कर्मयोगी ठरतो काय? तसेही नाही. गार चहावर चिडण्यात कोणता योग आहे? खुर्चीसाठी तोंड फुगवणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना आपण हसतो, आणि ते बरोबरच आहे. मग कोणता त्रास सोडावा आणि कोणता धरावा?

सप्टेंबरच्या अखेरीस सरांचे सेवापुस्तक कचेरीतून परत आले. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा एका पानावर शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा एका वर्षाची सही पुसट होती. या वेळी नेमणुकीच्या आदेशात त्यांच्या वडिलांच्या नावातले एक जोडाक्षर सुटले होते, आणि पुढच्या पानांवर ते होते. दोन नावे जुळत नाहीत, असा शेरा. तीन महिने 'जाऊ द्या' म्हणणारे सर त्या दिवशी असे भडकले, की कपाटावरची धूळ उडाली.

"एक अक्षर! एका अक्षरासाठी माझी तेहेतीस वर्षं अडकवून ठेवली यांनी!"

आम्ही पाणी पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. सेवापुस्तकाच्या त्या पानावर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा तो सहावीतला... आला होता का आज?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाहिले, तर व्हरांड्यात सर बसले होते, समोर तो पोरगा होता, आणि सर त्याच्यावर मनापासून चिडले होते. "अरे, हा ध आहे, घ नव्हे! डोळे कुणाला उसने दिलेस काय?" मी उभाच राहिलो. तेवढ्यात त्यांनी मान वर करून मला सांगितले, "आणि तुम्ही सातवीचा फळा तसाच ठेवून आलात. पुसून या."

मी जाऊन पुसला. त्यानंतर एक दिवस ते आणि एक दिवस मी, असे आम्ही त्या पोराला घेऊन बसू लागलो. कादंबरी रेंगाळली. तिने काही बिघडले नाही.

फळा पुसता पुसता मला जे सुचले ते सांगतो. माणसाला होणारे त्रास दोन जातींचे असतात. काही त्रास आपल्याबरोबरच निवृत्त होतात. खुर्ची, गार चहा, खिडकी, 'तुम्ही राहू द्या' म्हणणारी तरुण मंडळी. आपण उंबऱ्याबाहेर पडलो, की यातले काही मागे उरत नाही. हे आधीच सोडले तर बिघडले कुठे? उलट ओझे हलके होते. पण काही त्रास आपण गेल्यावरही तिथेच उभे असतात. न पुसलेला फळा पुढच्या तासाच्या पोरांना दिसतोच. घडी घातलेला नकाशा फाटतोच. न वाचणारा पोरगा सातवीत जातो, आठवीत जातो, आणि एक दिवस उचलीच्या कागदावर अंगठा उठवतो. हे त्रास आपले नव्हेतच. ते कामाचे आहेत, आपल्याकडे केवळ राखायला दिलेले. राखायला दिलेली वस्तू शेवटच्या दिवशी टाकून देणाऱ्याला आपण विरक्त म्हणत नाही.

सरांना हे माझ्या आधीच ठाऊक होते. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी सात दिवसांचा संप झाला. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हां लोकांचा तो प्रश्न. सरांचे निवृत्तिवेतन पक्के होते. तरी ते रोज उन्हात आमच्याबरोबर येऊन बसले. मधल्या तीन महिन्यांत त्यांना विसर पडला तो कशाने? मला वाटते, थकव्याने. थकलेला मनुष्य सगळीच ओझी एका ठिकाणी ठेवून देतो, आणि आपण दूरून बघणारे त्याला शांती समजून नमस्कार करतो. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला 'तुम्ही राहू द्या' म्हणताना आपण त्याच्या हातून नेमके काय काढून घेतो आहोत, ते एकदा पाहिले पाहिजे. चहाचा कप धुऊ नये त्याने. पण पोरगा त्याच्याकडून काढून घेऊ नये.

दसऱ्यानंतर बिऱ्हाड हलले. तोवर पोराची बाराखडी झाली होती; जोडाक्षरे राहिली. सरांनी त्याला एक पाटी दिली आणि ट्रॅक्टर सुटेपर्यंत त्याच्या बापाला दमात घेतले. पाटी बरोबर गेली. तिच्यावर फडात काही लिहिले गेले की नाही, हे मी विचारले नाही.

एप्रिलमध्ये ती माणसे परतली. १ मे २०२४ रोजी झेंडावंदन झाले, निकाल वाटले आणि सरांना आम्ही नारळ व शाल दिली. सुटीत निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटची घंटा ऐकायला मिळत नाही. ती आधीच कधीतरी होऊन गेलेली असते.

३१ मे रोजी एका कागदावर त्यांची सही राहिली म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सर ओट्यावर बसले होते. पुढ्यात तो पोरगा, त्याच्या पुढ्यात पाटी. कागदाच्या हिशेबाने सरांच्या सेवेचे काही तास उरले असतील.

"सर, सही," मी म्हटले.

"थांबा हो जरा," सर चिडून म्हणाले. "याचं अजून 'ष्ट' होत नाही."

मी पायरीवर बसलो. सही व्हायला दिवे लागले.