बादली लावलीय ना!

शनिवारी पाणी आलं नाही म्हणून आमची अख्खी कॉलनी चिडली होती. चिडणं रास्तच होतं. पण त्या दिवशी महापालिकेच्या नावाने ज्या घरातून सगळ्यांत मोठा आवाज येत होता, त्याच घरात रविवारी जाणं झालं, तर बाथरूममध्ये शॉवरखाली बादली. वॉल मिक्सरचा गरम पाण्याचा नॉब गळतोय, दिवाळीपासून. मी काही बोलायच्या आत उत्तर तयार: "काका, बादली लावलीय ना!"

या वाक्याचा मला मनापासून संताप येतो. सेकंदाला एक थेंब धरा. दिवसाचे ८६,४०० थेंब झाले. चार थेंबांचा एक मिलिलीटर म्हटलं तरी वीस लिटरच्या वर पाणी. नेहमीची बादली ते झेलेल कशी? मध्यरात्री ती भरून वाहू लागते, तेव्हा ती बदलायला घरातलं कोण उठतं? गळती गरम बाजूची असेल तर गिझरमधलं तापलेलं पाणी बाहेर पडतं, त्याच्या जागी गार पाणी शिरतं आणि चालू राहिलेला गिझर तेच काम पुन्हा करत बसतो. ती वीज बादलीत पडत नाही. आणि पाणी स्पिंडलच्या मागून भिंतीत झिरपत असेल, तर बादली शॉवरखाली कोरडी उभी आणि ओल खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला. सकाळी ही बादली उचलतं कोण, हेही विचारलं. कामाला येणाऱ्या ताई. त्यांच्या वस्तीत पाणी तासभर येतं. ते भरून त्या आपल्याकडे येतात आणि आपलं गळकं पाणी उचलतात. यालाच आपण काटकसर म्हणायचं!

बाकीच्या सबबी मी ऐकूनही घेत नाही. प्लंबर येत नाही, घर भाड्याचं आहे, महापालिकेच्याच जलवाहिन्या फुटतात. फुटतात, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण आपल्या बाथरूममधला कॉक बंद करायला आयुक्त येणार नाहीत.

आपल्या नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणात येणारी गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या शेंद्रेपाड्याच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन तास नदीवरच्या लाकडी बल्ल्यांवरून चालायच्या. २०२२च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला आणि जुलैच्या पुरात तो वाहूनही गेला. या सगळ्याची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली, हळहळलो, एकमेकांना पाठवली. मग आंघोळीला गेलो आणि नॉब कचकचून आवळून बाहेर आलो.

हे आवळणं हा माझा जुना राग आहे. जुन्या पद्धतीच्या नॉबमध्ये स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो. जोर लावला की तो चेपतो, फाटतो. गरम बाजूचा तर उष्णतेने आधीच कडक झालेला असतो. थेंब पडला म्हणून आणखी आवळायचं, आवळलं म्हणून आणखी गळायचं. दुरुस्ती अवघड नाही. शॉवर बंद केल्यावर दांडीत साचलेलं पाणी काही मिनिटं ठिबकतं, त्याला घाबरू नका. पाव तासानंतरही थेंब पडत असेल तर मात्र ती गळती. गिझर बंद करा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, दोन्ही नॉब उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू थेट गटारात. नॉब काढा, पान्याने स्पिंडल सोडवा आणि जुना वायसर दुकानात दाखवून तसाच आणा. सोबत ओ-रिंगही बदला. अर्ध्या फेऱ्यात उघडणारा नॉब असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे वायसर शोधू नका, आतला भागच बदलतात. नव्या वायसरसाठी चहाएवढे पैसे लागतात. त्यासाठी अख्खा मिक्सर उखडून नवा चकचकीत बसवायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मुंबईजवळ मीरा रोडला आबिद सुरती यांनी हेच काम २००७ साली हाती घेतलं. 'ढब्बूजी' आणि 'बहादूर' घडवणारा हा लेखक-व्यंगचित्रकार सत्तरी ओलांडल्यावर दर रविवारी प्लंबरला सोबत घेऊन अनोळखी घरांची दारं वाजवू लागला. नळ गळतोय का, एवढंच विचारायचं आणि फुकट दुरुस्त करून द्यायचं. त्यांचं बालपण डोंगरीत गेलं, पाण्याच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे आणि त्यांना दार उघडणाऱ्यांबद्दल थोडी लाज वाटते. धडधाकट माणसांच्या घरचा वायसर बदलायला सत्तरीतल्या लेखकाने जिने का चढावेत?

सगळ्यांनी पाना हातात घ्यावा, असं मी म्हणणार नाही. काहींच्या हाती तो न दिलेलाच बरा. पण बादलीच ठेवायची असेल तर एक करा. ती कामाच्या ताईंना उचलायला लावू नका. रात्री गजर लावून घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतः उठावं आणि ती रिकामी करावी. आठवड्याच्या आत प्लंबर सापडेल.