श्रद्धेची प्रार्थना

नाशिकात शरणपूर रस्त्याने रोज हजारो माणसे जातात. पण एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने वसविलेल्या शरणपूर वस्तीवरून त्या रस्त्याला हे नाव पडले, हे क्वचितच कुणाच्या ध्यानी येते. नाव मोठे गोड आहे, आणि वारकऱ्याला परके तर मुळीच नाही. शरण जाणे आपल्याही घरचे आहे. म्हणून ख्रिस्ती माणूस देवापुढे शरण जातो तो कसा, आणि त्याची प्रार्थना खऱ्या श्रद्धेची केव्हा म्हणावी, हे पाहण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रश्न तर आपल्याच माणसांचा आहे. कीर्तन उरकून वीणा खाली ठेवावी, तो कोणी तरी जवळ येऊन हळूच विचारतो, "महाराज, इतकी वर्षं मागतोय, देव ऐकत नाही. माझी श्रद्धाच कमी पडते का हो?" ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न अधिकच बोचतो, कारण मागणाऱ्याला देव देतो असे अभिवचन येशूनेच दिलेले आहे. दिले नाही, तर दोष कुणाचा? देवाचा म्हणवत नाही. मग माणूस तो आपल्या श्रद्धेवर घेतो आणि रोज तिला ताजव्यात घालून पाहतो.

आम्हांस पाठशाळेत शिकविले ते येथे उपयोगी पडते. श्रद्धा या शब्दात श्रत् आणि धा असे दोन भाग आहेत. निघंटूत श्रत् हे सत्याच्या नावांमध्ये दिले आहे. सत्य ठेवणे ती श्रद्धा. 'मिळणारच' असे मनाला घोकून पटविणे हा तिचा अर्थ नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आहे. मुलगा लहानपणापासून झटके येऊन कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. येशूने विश्वासाची गोष्ट काढताच तो बाप रडत सांगतो की विश्वास आहे, पण अविश्वासही आहे. त्या अविश्वासालाच तुम्ही हात द्या. आणि मुलगा बरा होतो! आमच्या मते साऱ्या शुभवर्तमानात याहून खरी प्रार्थना थोडी. त्याने देवापुढे सोंग आणले नाही. आमची जनाबाई विठ्ठलाशी भांडते ती तरी दुसरे काय करते?

आता आपल्या प्रांतातले उदाहरण घेऊ. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे नाशिकशी नाते जुने. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिले. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे अडकले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. इतका भक्कम पूल असता पलीकडे उतरायचे कारण काय, असे आम्ही त्यांना विचारले असते. पण तो वाद आज नको. पुढे त्यांनी ख्रिस्ती मंडळींत अभंग आणि कीर्तन नेले, हे आमच्या लोकांनी विसरू नये.

त्याच डोंगरावरील प्रवचनात प्रार्थनेचा धडा आहे. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नये, खोलीत जावे, दार लावावे, शब्दांचा पाल्हाळ करू नये. आम्हां बोलक्या लोकांना हे जरा झोंबणारेच! आणि मग जी प्रार्थना शिकविली तिच्यात एक अट घातली आहे. आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा करतो तशी तू आम्हांला कर. म्हणजे मागणाऱ्याने मागता मागता स्वतःलाच बांधून घेतले. सख्ख्या भावाने बांध कोरला म्हणून कोर्टात तारखा चालल्या आहेत आणि सायंकाळी टाळ घेऊन हरिपाठ चालला आहे, असे गावोगाव दिसते. त्या माणसाने हे मागणे एकदा तोंडाने म्हणून पाहावे. जीभ अडखळेल. श्रद्धेची परीक्षा आम्हांस तेथे दिसते; फळ किती मिळाले याच्या हिशेबात ती दिसत नाही.

मागूच नये असे मात्र आम्ही म्हणत नाही. गीतेने आर्ताला आणि अर्थार्थीलाही भक्तांच्या पंक्तीत बसविले आहे. खुद्द येशूने पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस होता. त्याची श्रद्धा कमी पडली, असे कोण म्हणेल? कीर्तनानंतर विचारणाऱ्याला आम्ही हीच कथा सांगतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरी वडिलांचे सोवळे पराकोटीचे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही काळ त्या पंढरपुरातही होत्या. पुढे पतीपाशी आल्या, पण चूल सोवळ्याची, पाणी वेगळे. पतीने धर्मासाठी सक्ती केली नाही. मग त्यांनी आपणच विचार केला की जाती देवाने केल्या की माणसांनी. आणि माणसांनी केल्या असे पटताच इतरांच्या हातचे पाणी घेतले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी सत्य आचरणात ठेवले, दीक्षा मागून आली.

टिळकांना ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य लिहायचे होते. 'ख्रिस्तायन' हाती घेतले, आणि १९१९ साली ते अपुरे टाकून गेले. लग्नानंतर ज्यांची अक्षराशी ओळख झाली त्या लक्ष्मीबाईंनी पुढची वर्षे लिहीत राहून ते पुरे केले.